दूध पाजलं, ऊब दिली. तरी पिल्लू का गेलं?

वळवाचा वारा सुटतो, झाडावरून खारीचं नाहीतर साळुंकीचं पिल्लू पडतं आणि घरातलं आठ-दहा वर्षांचं पोर ते ओंजळीत धरून आणतं. बुटांच्या खोक्यात कापूस अंथरला जातो. दुधात बुडवलेली वात चोचीत पिळली जाते. नाव ठेवलं जातं. संध्याकाळपर्यंत गल्लीतली सगळी मुलं येऊन बघून जातात, एकेक बोट लावून जातात. पिल्लू डोळे मिटून गप्प बसतं आणि पोर सांगतं, "आई, आता त्याला बरं वाटतंय बघ." सकाळी खोकं उघडावं तर पिल्लू थंडगार पडलेलं. मूल रडतं, मोठी माणसं समजूत काढतात, "तेवढंच आयुष्य होतं बाळा त्याचं."

तेवढंच होतं का? पुष्कळदा पिल्लू पडल्यामुळे मेलेलं नसतं. पडल्यानंतरच्या दहा-बारा तासांत त्याच्या शरीरात काय काय घडलं, त्यात त्याच्या मरणाचं कारण असतं. मुलाच्या मायेत काहीच उणं नव्हतं. रानातल्या जिवाचं शरीर कसं चालतं, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते सांगितलं तर पुढच्या वेळी पिल्लू वाचू शकतं.

सतराव्या लेण्यातला उपाशी हत्ती

अजिंठ्याला वाघोरा नदीच्या नालेसारख्या वळणात कोरलेल्या लेण्यांपैकी क्रमांक १७ चं लेणं पाचव्या शतकातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं. त्याच्या भिंतींवर जातककथा रंगवलेल्या आहेत. त्यातली एक मातृपोषक जातकाची. आंधळ्या आईला सांभाळणारा एक पांढरा हत्ती राजाची माणसं पकडून नेतात. त्याला सजवतात, त्याच्यापुढे उत्तम चारा ठेवतात. तो तोंड लावत नाही. आई रानात उपाशी असताना मी कसा खाऊ, हे त्याचं कारण कळल्यावर राजा त्याला सोडून देतो आणि मायलेकरांची भेट होते.

शाळेच्या सहलीबरोबर आलेली मुलं या भिंतीपुढून जातात, पण त्यांना ही कथा थांबून सांगणारे फार थोडे. कथेत हत्तीच्या उपवासाचं कारण आईची आठवण आहे. पकडलेला प्राणी खात नाही, हे निरीक्षण मात्र तंतोतंत खरं आहे, आणि शरीरशास्त्र त्याचं आणखी एक कारण सांगतं.

धोका जाणवला की मेंदूचा निरोप मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना पोचतो आणि रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन नावाचं रसायन उतरतं. हृदयाचे ठोके वाढतात. रक्त आतड्यांकडून काढून पायांच्या आणि पंखांच्या स्नायूंकडे वळवलं जातं. पळायच्या वेळी जेवण पचवत बसणं परवडत नाही, म्हणून पचन जवळजवळ थांबतं. रानात ही अवस्था थोडा वेळच टिकते, कारण तेवढ्यात प्राणी निसटतो तरी किंवा मरतो तरी. खोक्यातल्या पिल्लाचा धोका मात्र संपतच नाही. दर पाच मिनिटांनी झाकण उघडतं आणि आत दोन डोळे पुढ्यात रोखलेला एक भलामोठा चेहरा येतो. शिकारी प्राण्याचे डोळे असेच समोर असतात. त्या पिल्लाच्या लेखी आपण सगळे बिबटेच.

अशा अवस्थेत जबरदस्तीने भरवलेलं अन्न पोटात तसंच पडून राहतं आणि आंबतं. पिल्लाने खायला नकार देणं हा हट्ट नसतो. त्याच्या शरीरानेच जठराचं दार बंद केलेलं असतं.

मिटलेले डोळे

"कुरवाळल्यावर शांत झालं" हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. कोंबडीला उताणी धरून जमिनीवर टेकवली की ती निपचित पडते, हे खेड्यातल्या मुलांना माहीत असतं. तिला झोप लागलेली नसते. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेल्या अनेक प्राण्यांचा हा शेवटचा डाव असतो: हलायचं नाही, मेल्यागत पडायचं, पकड सैल झाली तर निसटायचं. बाहेरून शरीर गोठलेलं दिसतं, आत हृदय धडधडत असतं.

रानातले प्राणी दुखणंही लपवतात. कळपातलं जे लंगडतं ते आधी मारलं जातं, म्हणून अशक्तपणा न दाखवणाऱ्यांचीच पिढी पुढे जाते. एखादा पक्षी अंग फुगवून, मान खाली घालून बसलेला दिसला तर त्याला आता लपवायचंही त्राण उरलेलं नाही, असं समजावं.

वाचवलेलं हरीण तिसऱ्या दिवशी का मरतं?

मराठवाड्याच्या शिवारात काळवीट आणि रोही पुष्कळ. कुत्री मागे लागलेलं एखादं हरीण गावकरी मोठ्या जिद्दीने सोडवतात. अंगावर साधा ओरखडा नसतो. पाणी दाखवतात, गर्दी जमते, मोबाइलवर फोटो निघतात. हरीण उभं राहतं, सगळ्यांना हायसं वाटतं आणि एक-दोन दिवसांनी ते मरतं. पशुवैद्यकात या मरणाला 'कॅप्चर मायोपॅथी' असं नाव आहे, म्हणजे पकडीच्या ताणाने झालेला स्नायूंचा नाश.

जीव खाऊन धावताना आणि नंतर पकडीत झटापट करताना स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. ते प्राणवायूशिवाय ऊर्जा बनवू लागतात, त्यातून आम्ल साठतं, अंगाचा ताप वाढतो आणि स्नायूंच्या पेशी फुटायला लागतात. विहिरीचं पाणी संपल्यावरही मोटार चालूच राहिली तर आतली कॉइल जळते. मग बटण बंद करून काही उपयोग नसतो, नुकसान होऊन गेलेलं असतं. हरणाचं नेमकं हेच झालेलं असतं. फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम रक्तात येतं आणि हृदयाची लय बिघडवतं. स्नायूंना लाल रंग देणारं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांत जाऊन अडकतं, लघवी गडद तपकिरी होते, मूत्रपिंडं थकतात. हे सगळं व्हायला काही तास लागू शकतात, काही दिवसही. हरणं, ससे, लांब पायांचे बगळे-करकोचे यांना हा धोका विशेष.

म्हणून जाणकार माणसं पकडलेल्या हरणाच्या डोळ्यांवर आधी कापड टाकतात. दिसायचं बंद झालं की भीतीचा झरा निम्मा आटतो. गर्दी पांगवणं, आवाज बंद करणं, सावली देणं हे सगळे औषधाइतकेच खरे उपचार आहेत. पोराच्या खोक्यातल्या पिल्लालाही पहिल्यांदा हेच हवं होतं: अंधार, ऊब आणि शांतता.

वातीने पाजलेलं दूध

पक्ष्याला दूध पाजणं चूक आहे, आणि त्यामागे एक नाही, दोन कारणं आहेत.

पहिलं पचनाचं. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते आणि ती पचवायला लागणारं द्रव्य सस्तन प्राण्यांच्या पिल्लांच्या आतड्यात असतं. पक्षी पिल्लांना दूध पाजत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे ही सोय नाही. (कबुतर आणि होले पिल्लांना जे 'दूध' भरवतात ते अन्नपिशवीच्या अस्तरातून सुटणारं दाट खाद्य असतं, त्यात लॅक्टोज नसतं.) गाईच्या दुधाने पाखराला हगवण लागते, आणि वीस-तीस ग्रॅमच्या जिवाला हगवण म्हणजे काही तासांत शरीर कोरडं.

दुसरं कारण जास्त घातक आहे. पक्ष्याची चोच उघडून पाहिलीत तर जिभेच्या मुळाशी एक बारीक फट उघडमीट करताना दिसते. ते श्वासनलिकेचं तोंड. आईबाप घास भरवताना तो या फटीच्या मागे, पार घशात सोडतात. आपण वातीने पिळलेला थेंब मात्र नेमका या फटीत उतरतो आणि फुप्फुसात जातो. पिल्लू गुदमरतं किंवा रात्रीतून न्यूमोनियाने जातं. दूधच कशाला, साधं पाणीही याच कारणासाठी चोचीत ओतू नये. उन्हाच्या तडाख्याने खाली पडलेल्या पक्ष्याला सावलीत ठेवावं, शेजारी उथळ ताटलीत पाणी ठेवावं. सावध झाला की तो आपला आपण पिईल.

खार, ससा, हरीण हे दूध पिणारेच. पण प्रत्येक आईचं दूध वेगळं. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण ४ टक्के आणि प्रथिनं तीन-साडेतीन टक्के. सशाच्या दुधात दोन्ही १० टक्क्यांच्या वर आणि साखर अगदी कमी. सशाच्या पिल्लाने पोटभर गाईचं दूध प्यायलं तरी ते उपाशीच राहतं, वर जास्तीची साखर त्याचं पोट बिघडवते. त्यात मुलं पिल्लाला तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजतात. पिल्लाची नैसर्गिक बैठक पालथी असते. उताण्या पिल्लाचं दूध नाकात आणि फुप्फुसात जातं.

आणखी एक गोष्ट घरोघरी ठाऊक असायला हवी. गार पडलेलं पिल्लू अन्न पचवू शकत नाही. पक्ष्याच्या शरीराचं तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. थंड पडलेल्या पिल्लाला भरवायची घाई केली तर घास आत सडतो. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. भरवायचं काम पुढे जाणकाराचं.

घारीच्या किंवा घुबडाच्या पिल्लाला मांसाचे मऊ तुकडे भरवून "चांगलं खातंय" म्हणणारेही भेटतात. रानात ते हाडांसकट उंदीर खातं. नुसत्या मांसात कॅल्शियम फारसं नसतं, त्यामुळे आठवड्या-दोन आठवड्यांत हाडं मऊ होऊन वाकतात आणि ते पिल्लू पुन्हा कधी धड उभं राहू शकत नाही. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्या आणि किडे भरवते, तेही पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत थोड्या-थोड्या वेळाने. शाळेत जाणाऱ्या मुलाला हे जमणारं नाही, आणि त्यात त्याचा काही कमीपणा नाही.

जखमांचंही असंच. मांजराच्या तोंडातून सोडवलेल्या पाखराच्या अंगावर सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं, पण मांजराच्या दातांवरचे जीवाणू रक्तात गेले की प्रतिजैविकाविना ते एक-दोन दिवसांत दगावतं. मोडलेल्या पंखाला काडेपेटीच्या काड्या बांधण्याचा मोह आवरावा. पक्ष्याचं हाड साधारण तीन आठवड्यांत जुळतं. ते वाकडं जुळलं तर पंख कायमचा गेला. संक्रांतीत मांजात अडकलेल्या पक्ष्याचा मांजा ओढू नये, दोन्ही बाजूंनी कापावा आणि रुतलेला भाग वैद्यासाठी तसाच ठेवावा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि आपणच तो मुलांच्या हाती देतो, याचं वाईट वाटतं. घरातली वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नये. डायक्लोफिनॅक या गुरांच्या साध्या औषधाने भारतातली गिधाडं जवळजवळ संपवली.

हरवलेलं की लपवून ठेवलेलं?

इतका वेळ आपण धरून चाललो की पिल्लाला मदत हवीच होती. पुष्कळदा ती नकोच असते.

हरिणी चरायला जाते तेव्हा पाडसाला गवतात बसवून जाते. पाडसाच्या अंगाला वास कमी असतो, ते हलत नाही, म्हणून कोल्ह्याला सापडत नाही. आई जवळ थांबली तर तिच्या वासाने शिकारी यायचा. ती दूर राहते हीच तिची राखण. दिवसातून काही वेळाच येऊन ती पाजून जाते. सशाची तीच रीत. शेतात एकटं पाडस दिसलं की आपल्याला वाटतं आईने टाकलं, आपण उचलून आणतो, आणि संध्याकाळी परतलेली आई रिकाम्या जागेभोवती फिरत राहते.

पाखरांचं थोडं वेगळं. उघडं, पिसं न फुटलेलं पिल्लू खाली पडलं असेल तर ते घरट्यात परत ठेवावं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत खोटी आहे. अशा वासावरून पक्षी पिल्लं टाकत नाहीत. घरटं मोडलं असेल तर तळाला भोकं पाडलेली टोपली त्याच फांदीला बांधून त्यात ठेवलेलंही चालतं. पण अंगभर पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारं पिल्लू पडलेलं नसतंच. ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच्या फांदीवरून त्याला भरवत असतात. त्याला फक्त कुत्र्या-मांजरांपासून जपावं.

जुन्नर तालुक्यात तर ही गोष्ट बिबट्याच्या बाबतीत रोजच्या जगण्याचा भाग आहे. बिबट्याची मादी उसाच्या फडातच पिल्लं घालते. तोडणी सुरू झाली की मजुरांना, त्यांच्या मुलांना सरीत मांजरासारखी पिल्लं सापडतात. ती उचलून गावात आणली की रात्री त्यांची आई शोधत फिरते आणि धोका सगळ्यांनाच. आता वनविभाग आणि माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र सांभाळणारी 'वाइल्डलाइफ एसओएस' ही संस्था पिल्लांची तपासणी करून त्यांना सापडलेल्या जागीच, संध्याकाळी, खोक्यात ठेवतात. जवळ कॅमेरा लावून माणसं दूर जातात. अंधार पडला की मादी येते, खोकं कलंडवते, पिल्लाला मानेला धरून घेऊन जाते. अशी किती तरी पिल्लं आईकडे परत गेली आहेत. वाचवण्याची एवढी चांगली पद्धत दुसरी नाही, आणि तिच्यात माणसाने करायचं काम बाजूला होण्याचं आहे.

लळा लागला की

समजा पिल्लू वाचलं. मग पुढे?

कोनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये दाखवलं की अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही तासांत हंसाचं पिल्लू समोर जे हलतं त्याला आई मानतं. लॉरेन्झ समोर होते तर पिल्लं त्यांच्या मागे चालली. मेंदूवर उमटणारा हा ठसा सहसा पुसला जात नाही. असं पिल्लू मोठेपणी आपल्या जातीला ओळखत नाही, माणसांतच जोडीदार शोधतं. १९७३ मध्ये लॉरेन्झ यांना नोबेल मिळालं. अमेरिकेत दुर्मीळ क्रौंच पक्ष्यांची पिल्लं वाढवणारी माणसं म्हणूनच पांढरे झगे घालतात, चेहरा झाकतात आणि हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली घालून भरवतात.

मोठ्या वयातही सवय जडते. उत्तर प्रदेशातल्या अमेठीत २०२२ साली एका तरुणाला पाय मोडलेला सारस सापडला. त्याने तो बरा केला. सारस त्याच्या मोटारसायकलमागे उडू लागला. मार्च २०२३ मध्ये वनविभागाने सारस ताब्यात घेतला आणि शेवटी त्याची रवानगी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात झाली. दोघांच्या प्रेमावर शंका घेण्याचं कारण नाही. पण पायाने बरा झालेला पक्षी जाळीआड गेला, हेही खरं.

इथे कुणीही विचारेल, मग हेमलकशाचं काय? तिथे लोकबिरादरी प्रकल्प डिसेंबर १९७३ मध्ये सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे यांना माडिया शिकाऱ्यांकडे मारलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू दिसलं आणि त्यांनी ते मागून घेतलं. तिथून त्यांचं प्राण्यांचं अनाथालय वाढत गेलं. त्यांची मुलं बिबट्या-अस्वलांच्या सोबतीने वाढली. महाराष्ट्राने त्या छायाचित्रांवर जीव लावला आहे, माझ्याही मनात त्यांना मोठी जागा आहे. पण ते प्राणी शिकारीत आई मेलेले होते, त्यांना परत देण्यासाठी आईच उरली नव्हती. त्यांच्यामागे डॉक्टर कुटुंबाचं आख्खं आयुष्य उभं राहिलं. ज्या पिल्लाची आई बांधापलीकडे उभी आहे, त्याला हा न्याय लावता येत नाही.

हंस कुणाचा?

बाणाने घायाळ झालेला हंस सिद्धार्थाने वाचवला आणि देवदत्ताने त्यावर हक्क सांगितला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा हक्क मोठा, असा निवाडा झाला. आजचा कायदा याच्याही पुढे जातो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३९ नुसार बेकायदा ताब्यात ठेवलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता ठरतो, आणि असा प्राणी कुणाच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावं लागतं. वाचवणाऱ्यालाही तो पाळता येत नाही. गोष्टीतल्या सिद्धार्थानेही हंस पाळला नाही, बरा झाल्यावर सोडून दिला.

मग मुलाने करायचं काय? खूप काही. पिल्लू नेमकं कुठे, किती वाजता, कोणत्या झाडाखाली सापडलं, जवळ मांजर होतं का, तार होती का, हे वहीत लिहून ठेवायचं. बरं झालेलं जनावर त्याच जागी सोडावं लागतं, म्हणून वनरक्षकाला ही नोंद अतिशय मोलाची असते. दूर झाडाआड बसून त्याचे आईबाप येतात का, किती वेळा येतात, हे पाहायचं. हे काम मोठ्यांपेक्षा मुलं चांगलं करतात. त्यांच्याकडे वेळ असतो आणि डोळे ताजे असतात.

चौकट: जखमी प्राणी किंवा पिल्लू दिसलं तर

• आधी दुरून पाहा. जखम नसेल आणि पिल्लू असेल, तर आई येण्याची वाट पाहा.
• माकड, कोल्हा, मुंगूस, वटवाघूळ, साप, बिबट्याचं पिल्लू: मुलांनी हात लावायचा नाही. मोठ्यांना हाक मारायची.
• पक्षी किंवा खार खरंच जखमी असेल तर मोठ्या माणसाने फडक्याने अलगद उचलून, भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवावं. एका बाजूला ऊब द्यावी.
• दूध, पाणी, पाव, भात काहीही तोंडात घालू नये. झाकण उघडून बघू नये.
• वनविभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांक १९२६ वर कळवावं.
• प्राणी चावला किंवा ओरबाडला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजवर लस आहे. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र इलाज नाही.

यातलं शेवटचं आईवडिलांनी मनावर घ्यावं. चावा मुलं लपवतात, कारण "कशाला हात लावलास" म्हणून मार बसेल ही भीती असते. त्यांना आधीच सांगून ठेवा की चावलं तर लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही. अजिंठ्याच्या लेण्यांपाशी वानरं अगदी जवळ येतात आणि सहलीच्या डब्यांवर त्यांचा डोळा असतो, तेव्हा सहल नेणाऱ्या गुरुजी-बाईंनी बस सुटण्याआधीच हे सांगावं. आणि १९२६ हा क्रमांक आज, आत्ताच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा. मूल ओंजळ पुढे करून दारात उभं राहील तेव्हा शोधत बसायला वेळ नसेल.